गे लोक टोरींना मत का देतात? लंडनची पायी टूर, चार स्टार

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, खास करून आपल्यातल्या गे-लेस्बियन दोस्तांसाठी. वेस्टमिन्स्टर ते सोहो अशी अडीच तासांची पायी टूर आहे आणि तिचा विषय एकच, गे माणसं कंझर्व्हेटिव्ह पक्षाला, म्हणजेच टोरींना, मत का देतात. तिकीट १८ पौंड, ग्रुप छोटा, गाइड स्वतः गे आणि एकेकाळी टोरींचा प्रचार केलेला, आता कुठल्याच पक्षात नाही. टूरचं नाव देत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि दोन माणसंच मिळून हे सगळं चालवतात.

सुरुवात पार्लमेंटसमोरच्या हिरवळीवर होते. तिथे गाइडने प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद दिला, ५ फेब्रुवारी २०१३ चं मतदान, गे लग्नाचं बिल, बाजूने ४०० आणि विरोधात १७५. आपण म्हणतो बघा, टोरी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉनने गे लग्न आणलं. पण मग तो म्हणाला आता फक्त टोरी खासदार मोजा, तर विरोधात १३६ आणि बाजूने त्याहून कमी! म्हणजे बिल आणलं टोरी पंतप्रधानाने आणि ते पास झालं लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट्स या दुसऱ्या पक्षांच्या मतांवर. कागद हातात धरून सगळा ग्रुप जरा वेळ तसाच उभा होता. माझ्या मते १८ पैकी निम्मे पौंड इथेच वसूल झाले.

कॅमेरॉन २०११ च्या पक्षाच्या अधिवेशनात मँचेस्टरला म्हणाला होता की मी कंझर्व्हेटिव्ह असूनही नाही, तर कंझर्व्हेटिव्ह आहे म्हणूनच गे लग्नाला पाठिंबा देतो. हे वाक्य नीट कळलं की बरंच कोडं सुटतं. लग्न, घर, एकमेकांची जबाबदारी, सरकारने आपल्या घरात नाक खुपसू नये, हा सगळा कंझर्व्हेटिव्ह मालच आहे की, आणि तो गे माणसालाही हवाच असतो, प्रत्येक गे माणूस मोर्चात झेंडा घेऊनच जन्माला येतो असं थोडंच आहे.

पुढचा थांबा स्मिथ स्क्वेअर, टोरींचं जुनं मुख्यालय. इथे गाइड फॉर्मात येतो. १९६६ मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळायच्या बिलाला बाजूने मत देणाऱ्या मोजक्या टोरी खासदारांत मार्गारेट थॅचर होत्या, आणि त्याच थॅचरबाईंच्या सरकारने १९८८ मध्ये सेक्शन २८ आणला, ज्यामुळे शाळांमधून समलैंगिकतेबद्दल धड बोलायचीही चोरी झाली. तो कायदा स्कॉटलंडमध्ये २००० ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ ला गेला. सेक्शन २८ चं बिल चर्चेत असताना काही लेस्बियन बायका कपडे वाळत घालायच्या दोरीवरून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या गॅलरीतून थेट सभागृहात उतरल्या होत्या, २ फेब्रुवारी १९८८. मला हा किस्सा माहीत होता तरी तिथून जवळच उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला.

मग सेंट जेम्स पार्क. इथे नोव्हेंबर १९५८ मध्ये परराष्ट्र खात्याचा ज्युनियर मंत्री इयन हार्वी एका सैनिकासोबत झुडपात पकडला गेला, पाच पौंड दंड झाला, मंत्रिपद गेलं, खासदारकी गेली. आणि हा माणूस पुढे टोरींच्याच गे गटात काम करत राहिला! गंमत म्हणजे वुल्फेंडन समिती, जिने १९५७ मध्येच समलैंगिक संबंध गुन्ह्यातून काढा असं सांगितलं, ती नेमली होती टोरी सरकारनेच, अंमल मात्र दहा वर्षांनी लेबरच्या काळात झाला. हार्वीचा मतदारसंघ होता हॅरो ईस्ट. हॅरोत आपली केवढी वस्ती आहे ते सांगायला नको, मी पण तिथलाच. तिथले आजचे खासदार बॉब ब्लॅकमन पण टोरी, आणि २०१३ च्या त्या कागदावर त्यांचं नाव विरोधातल्या यादीत आहे.

माझा एक मित्र आहे, पुण्याचा, गे, लग्न झालेलं, स्वतःची छोटी अकाउंटिंग फर्म, आणि दर वेळी मत टोरींनाच. त्याला विचारलं तर म्हणतो, अरे माझं लग्न आता कोण काढून घेतंय, व्हॅटचं रिटर्न मात्र दर तीन महिन्यांनी भरायचंच असतं. टूर केल्यावर मला त्याचं म्हणणं जास्त नीट कळलं. हक्क एकदा मिळाला आणि पक्का वाटायला लागला की मत देताना तो हिशेबात धरला जात नाही, मग माणूस टॅक्स, घर, धंदा, आईवडिलांचा व्हिसा हेच बघून मत देतो, बाकी सगळे देतात तसंच. त्याला गद्दार म्हणणारे आमच्याच मित्रांच्या ग्रुपमध्ये आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही.

टूरमधलं सगळ्यात मोलाचं मात्र गाइडकडून नाही, सोबत चालणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून मिळालं. १९७९ पासून टोरी मतदार. घर जोडीदाराच्या नावावर होतं, तो नव्वदच्या दशकात एड्सने गेला. लग्न नाही, म्हणजे कायद्याने हे परके, नवराबायकोला मिळते ती वारसा कराची सूट नाही, मर्यादेवरच्या रकमेवर ४० टक्के कर, शेवटी घर विकावं लागलं. ते म्हणाले की तेव्हापासून जो पक्ष वारसा कर कमी करू म्हणेल तो माझा. मी म्हटलं अहो पण ती सूट तुमच्यासारख्यांना मिळाली सिव्हिल पार्टनरशिपमुळे, डिसेंबर २००५ पासून, आणि कायदा लेबरचा. तर म्हणाले, हो, त्याबद्दल मी टोनी ब्लेअरला पत्र लिहून आभार मानले, मत नाही दिलं. मला यात विसंगती दिसते, त्यांना दिसत नाही, आणि ज्याचं घर गेलं त्याच्याशी मी काय वाद घालणार.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट गाइडने आवर्जून सांगितली ती आवडली. एप्रिल २०१८ मध्ये कॉमनवेल्थ परिषदेत टोरी पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटनने वसाहतींमध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे नेले याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपलं कलम ३७७ त्यातलंच, १८६० चं, आणि ते आपल्या सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं.

आता तक्रार. हेडसेट खरखरतो हे चालून जाईल, पण शेवटचा थांबा ज्या घाईत उरकला ते नाही चालणार. ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरचा ॲडमिरल डंकन पब, ३० एप्रिल १९९९ ला तिथे खिळे भरलेला बॉम्ब फुटला, तिघं गेले. गाइडने दोन मिनिटांत हे सांगून फोटो काढा म्हटलं. अहो त्याच माणसाने आधीच्या दोन आठवड्यांत ब्रिक्स्टनला काळ्या लोकांच्या वस्तीत आणि मग ब्रिक लेनला बांगलादेशी वस्तीत बॉम्ब ठेवले होते! हे सांगितलंच नाही. आणि त्याआधी दहा मिनिटं नेदरलँड्सचा पिम फॉर्टाइन आणि जर्मनीच्या एएफडी या अतिउजव्या पक्षाची ॲलिस वायडेल यांच्यावर खर्च केली, की बघा उघडपणे गे असलेले नेतेसुद्धा बाहेरून येणाऱ्या मुसलमानांच्या विरोधात उभे राहतात, कारण गे मतदाराला सुरक्षित वाटायला हवं. हे कारण खरं आहे, बरीच मतं त्यावर फिरतात. पण मी गे आहे आणि बाहेरून आलेला सावळा माणूस पण आहे, मला कोणी असं सांगितलं की तुझ्या सुरक्षेसाठी त्या दुसऱ्यांना हाकलू, तर मला त्या बॉम्बवाल्याची तीन ठिकाणांची यादी आठवते. टॅक्ससाठी उजवीकडे गेलेला माझा मित्र आणि हे राजकारण एका माळेत ओवायचं नसतं आणि टूरने नेमकं तेच केलं. एक स्टार त्यासाठी कापला.

ट्रान्स लोकांबद्दल पण जवळपास काहीच नाही. टोरी सरकारने २०१८ मध्ये कन्व्हर्जन थेरपीवर, म्हणजे गे किंवा ट्रान्स माणसाला ‘बदलण्याच्या’ उपचारांवर, बंदी घालू असं वचन दिलं आणि २०२४ मध्ये सत्ता जाईपर्यंत ते पाळलं नाही, हे तरी यायला हवं होतं, टोरींना मत देणारे कितीतरी गे लोक यावरूनच चिडलेत.

बाकी व्यवस्था चांगली आहे, चाल आरामात असते, मध्ये पार्कात बसायला वेळ देतात आणि तिथेच टॉयलेट उरकून घ्या, पुढे सोय नाही. पाऊस असला तरी टूर रद्द करत नाहीत त्यामुळे छत्री न्याच. गाइडला प्रश्न विचारले की तो खुलतो, टोरींवर टीका केली तरी बिथरत नाही. आणि ज्यांना वाटतं की व्हिसावर आहोत तर आपल्याला काय करायचंय इथल्या राजकारणाचं, त्यांच्यासाठी, भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहत असाल तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे पार्लमेंटसाठी मत देता येतं, नाव नोंदवावं लागतं इतकंच. शेवटच्या थांब्याबद्दल मी त्यांना सविस्तर मेल केलाय, तो भाग दुरुस्त केला तर इथेच येऊन पाचवा स्टार देईन.