लुट्स झायलर: ‘क्रुझो’, ‘श्टर्न १११’ की कविता? आधी काय वाचावं

लुट्स झायलर हा जर्मन लेखक वाचायचा असं ठरवलं की हाती आधी त्याची ‘क्रुझो’ ही कादंबरी येते. २०१४ चा जर्मन बुक प्राइझ तिला मिळाला, इंग्रजी अनुवाद झाला, २०१८ मध्ये टीव्हीसाठी चित्रपटही निघाला, त्यामुळे यादी कोणाचीही असो, वर तीच असते. माझ्या ओळखीतले तिघे-चौघे ती हौसेने वाचायला बसले आणि शंभरेक पानांवर थांबले. मग झायलरच बाजूला पडला, याचं मला फार वाईट वाटतं. आज जर्मनमध्ये लिहिणाऱ्यांपैकी ज्यांची वाक्यं मी पुन्हा पुन्हा जाऊन वाचते, त्यांत तो सगळ्यात वर आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवात ‘श्टर्न १११’ या त्याच्या दुसऱ्या कादंबरीपासून करा. कोणत्या वाचकांनी मात्र तसं करू नये, तेही पुढे सांगते.

आधी माणसाबद्दल थोडं, कारण त्याची पुस्तकं त्याच्या आयुष्याला अगदी चिकटून आहेत. जन्म १९६३ चा, पूर्व जर्मनीतल्या थुरिंगियात, गेरा शहरातला. ज्या गावात तो लहानाचा मोठा व्हायला लागला ते कुल्मिच आज जागेवर नाही. त्या पट्ट्यात जमिनीखाली युरेनियम होतं. ‘विस्मुट’ नावाची कंपनी, सुरुवातीला पूर्णपणे सोव्हिएत मालकीची आणि १९५४ पासून पूर्व जर्मनीच्या भागीदारीतली, तिथे खोदत होती. १९४६ ते १९९० या काळात तिने दोन लाख टनांहून जास्त युरेनियम काढलं आणि ते सोव्हिएत अणुकार्यक्रमाला पुरवलं. खाणकामासाठी गावं उठवली गेली, त्यात साठच्या दशकाच्या अखेरीस कुल्मिचही गेलं. घरं पाडली, माणसं दुसरीकडे हलवली.

झायलर साहित्याच्या घरात वाढलेला नाही. त्याने बांधकामाचं शिक्षण घेतलं, सुतारकाम आणि गवंडीकाम केलं. वाचनाची आणि कविता लिहिण्याची ओढ लागली ती सक्तीच्या लष्करी सेवेत. मग हालं विद्यापीठात जर्मन साहित्य, १९८९ च्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्रातल्या हिडेन्झे बेटावर हंगामी कामगार, त्यानंतर बर्लिन. १९९७ पासून तो पॉट्सडामजवळच्या विल्हेल्म्सहोर्स्ट गावात पेटर हुखेल या कवीच्या घरातल्या साहित्यिक कार्यक्रमांचं काम पाहतो. हुखेलला १९६२ मध्ये ‘झिन उंड फोर्म’ या नियतकालिकाच्या संपादकपदावरून जावं लागलं आणि नंतरची कित्येक वर्षं सरकारी पाळतीखाली याच घरात एकाकी काढावी लागली. अशा वास्तूत बसून झायलरने आपलं बरंचसं लेखन केलं आहे. २०२३ मध्ये त्याला गेओर्ग ब्यूख्नर पुरस्कार मिळाला, जर्मन भाषेतला सगळ्यात मानाचा. पुरस्कारांबद्दल एवढं पुरे.

एकाच वर्षाच्या दोन बाजू

‘क्रुझो’ १९८९ च्या उन्हाळ्यात सुरू होते आणि बर्लिनची भिंत पडते तिथे जवळजवळ संपते. ‘श्टर्न १११’ भिंत पडल्यावर दोनच दिवसांनी सुरू होते. कालक्रम पाहिला तर ‘क्रुझो’ आधी हवी. पण दोघींचे नायक वेगळे, गोष्टी वेगळ्या. उलट्या क्रमाने वाचल्याने काहीही बिघडत नाही. दोन्ही पाचशेच्या आसपास पानांच्या, म्हणजे वेळ सारखाच लागेल असं वाटेल. तसं होत नाही. ‘क्रुझो’ला दुप्पट वेळ द्यायची तयारी ठेवा.

‘क्रुझो’चा नायक एडगर, म्हणजे एड, हालंमध्ये साहित्य शिकणारा विद्यार्थी. प्रेयसी ट्रामच्या अपघातात गेल्यावर तो कोणालाही न सांगता हिडेन्झे बेटावर निघून जातो. उत्तर टोकाला टेकडीवर ‘क्लाउझनर’ नावाचं उपाहारगृह आहे (ते खरोखरच आहे). तिथे तो आधी कांदे सोलतो आणि मग भांडी घासायला लागतो. भांडी घासणाऱ्यांचा म्होरक्या अलेक्झांडर क्रुझोविच, म्हणजेच क्रुझो, एका रशियन जनरलचा मुलगा. त्याची बहीण याच किनाऱ्यावरून गेली ती परत आली नाही. समुद्रापलीकडे डेन्मार्कचं म्योन बेट आहे, हवा स्वच्छ असली तर दिसणारं. पूर्व जर्मनीतून निसटू पाहणारे लोक इथून पोहत, तराफ्यावरून किंवा हवा भरलेल्या गादीवरून तिकडे जायचा प्रयत्न करत आणि त्यातले कित्येक बुडत. क्रुझो अशा लोकांना हेरतो. तो त्यांना ‘जहाज फुटलेले’ म्हणतो. त्यांना सूप देतो, आंघोळ घालतो, रात्रीचा निवारा शोधून देतो. स्वातंत्र्य माणसाच्या आतच असतं, ते इथेच सापडलं तर कोणाला समुद्रात उतरून मरावं लागणार नाही, अशी त्याची श्रद्धा आहे.

या कादंबरीचं बळ तिच्या मोरीत आहे. तेलकट गरम पाणी, त्यात कोपरापर्यंत बुडालेले हात, उष्ट्या ताटांच्या चळती, दुपारच्या गर्दीत वाढत जाणारा वेग. एका प्रसंगात एडला सांडपाण्याच्या नाळीत अडकलेला बोळा उपसून काढायचा असतो: केस, साबणाचा मळ, खरकटं, सगळं कुजून एकजीव झालेलं. झायलर ते इतक्या जवळून लिहितो की वाचताना नाक आपोआप मुरडतं. पण तिथेच लक्षात येतं की या घाणीत हात घातल्यावरच एड त्या लोकांतला एक होतो. ज्याने स्वतः मजुरी केली आहे त्यालाच काम करणारं शरीर असं लिहिता येतं.

अडचणही इथेच आहे. जवळपास सगळी कादंबरी एका इमारतीत आणि तिच्या आवारात घडते. न्याहारीचं टेबल, कामगारांची बसण्याची ठरलेली जागा, रात्रीचे विधी हे सगळं पुन्हा पुन्हा येतं. एडच्या डोक्यात गेओर्ग ट्राक्ल या ऑस्ट्रियन कवीच्या पाठ केलेल्या ओळी सतत घुमत असतात. त्याची ओळख नसेल तर एक थर हातातून निसटतो. बाहेरचं जग कळतं ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून: हंगेरीची सीमा उघडली, लोक जाताहेत. हळूहळू क्लाउझनरचेही एकेक जण निघून जातात. ज्याला ‘मग काय झालं’ हे सारखं हवं असतं तो या संथपणाला कंटाळतो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पण तेवढ्यासाठी ही कादंबरी वाचावी असं तिचं शेवटचं प्रकरण आहे. तिथे आवाज एकदम बदलतो. एड स्वतः ‘मी’ म्हणून बोलू लागतो, बऱ्याच वर्षांनंतर कोपनहेगनला जातो आणि डॅनिश किनाऱ्याला लागलेल्या, ओळख न पटलेल्या मृतांचा माग काढतो. आतापर्यंतची धुक्यासारखी भाषा गळून पडते, उरतात नोंदी आणि कागदपत्रं. माझ्या मते झायलरने लिहिलेल्या गद्यातली ही सगळ्यात थोर पानं आहेत. ती थेट आधी वाचू नका, त्यांचं वजन आधीच्या साडेचारशे पानांवर उभं आहे.

आईवडील घर सोडतात तेव्हा

‘श्टर्न १११’ हे पूर्व जर्मनीत बनलेल्या एका छोट्या रेडिओचं नाव. २०२० मध्ये या कादंबरीला लाइपझिग पुस्तकमेळ्याचा पुरस्कार मिळाला, तो मेळाच करोनामुळे रद्द झालेला असताना. नायक कार्ल बिशोफ सव्वीस वर्षांचा, शिकलेला गवंडी, कवी व्हायची आस असलेला. घरून तार येते म्हणून तो गेराला जातो, तर पन्नाशीतले आईवडील, इंगे आणि वॉल्टर, त्याला सांगतात की आम्ही निघालो. भिंत पडली आहे, आम्ही पश्चिमेला चाललो, तू घर सांभाळ. वडिलांसोबत त्यांचं अकॉर्डियन. ते पश्चिम जर्मनीतल्या गीसेनच्या निर्वासित छावणीत पोहोचतात आणि तिथून पुढे दोघांच्या वाटा काही काळ वेगळ्या होतात.

मराठी वाचकाला ही सुरुवात लगेच भिडेल. आपल्याकडे मुलं सातासमुद्रापार जातात आणि आईवडील मागे कुलूपकिल्ल्या सांभाळतात. इथे म्हातारपणाच्या उंबरठ्यावरचे आईवडील सुटकेस उचलतात आणि तरुण मुलगा रिकाम्या घरात उरतो. कार्लला धक्का बसतो तो त्यांच्या जाण्यापेक्षाही वेगळ्याच गोष्टीचा: या दोघांची कसलीशी जुनी, पुरून ठेवलेली इच्छा होती आणि आपल्याला तिचा पत्ताच नव्हता. ती इच्छा काय हे झायलर शेवटपर्यंत दडवून ठेवतो, म्हणून मीही सांगत नाही. इंगेची छावणीतून आणि पुढच्या भाड्याच्या खोल्यांतून येणारी पत्रं साधी आणि थोडी अवघडलेली आहेत. प्रत्येक ओळीत मुलाची काळजी आहे आणि स्वतःच्या हालांबद्दल जवळपास काहीच नाही.

कार्ल घर सांभाळत नाही. वडिलांची झिगुली गाडी काढतो आणि बर्लिनला जातो. थंडीत गाडीतच झोपतो, परवाना नसताना टॅक्सी चालवतो. पुढे प्रेन्झलाउअर बेर्ग या पूर्व बर्लिनमधल्या भागातली रिकामी घरं ताब्यात घेणाऱ्या एका टोळीत तो सामील होतो. त्यांचा पुढारी ‘मेंढपाळ’ म्हणून ओळखला जातो आणि त्याच्याजवळ डोडो नावाची बकरी आहे. ओरानिएनबुर्गर श्ट्रासेवरच्या तळघरात ही मंडळी ‘आसल’ नावाचा बार उभा करतात. गवंड्याचं कौशल्य असलेला कवी अर्थातच उपयोगाचा ठरतो. त्या वेळच्या बर्लिनमध्ये कायदा कोणाचा, पैसा कोणता, घर कोणाच्या मालकीचं, काहीच ठरलेलं नव्हतं. ते मोकळे काही महिने आणि नंतर त्यात शिरत गेलेला धंदा, हे मी इतक्या प्रेमाने लिहिलेलं दुसरीकडे वाचलेलं नाही.

ही कादंबरी निर्दोष नाही. मधल्या भागात टोळीच्या बैठका आणि भांडणं लांबतात. कार्लची एफीसोबतची प्रेमकथा मला कधीच पूर्ण पटली नाही. आईवडिलांची प्रकरणं आणखी हवी होती, ती आली की पुस्तक ताठ उभं राहतं. बांधणीत ‘क्रुझो’ नक्कीच सरस आहे. तरीही नवख्या वाचकाला मी ‘श्टर्न १११’ देते, कारण इथे झायलरची सगळी वैशिष्ट्यं, म्हणजे वस्तूंवरचं प्रेम, कामाचा अभिमान, मृतांची आणि दूर गेलेल्यांची ओढ, हलत्या गोष्टीच्या आधाराने येतात. त्या सवयीने मग ‘क्रुझो’ची मोरी सुसह्य होते.

अपवाद दोन. तुम्ही कवितेचे वाचक असाल, पानभर वर्णनात रमणारे असाल, तर ‘क्रुझो’च आधी घ्या. आणि पूर्व जर्मनीचा इतिहास मुळीच माहीत नसेल तरीही ‘क्रुझो’ बरी, कारण बेटावर अडकलेल्या माणसांमुळे त्या राजवटीतली घुसमट कोणीही न समजावता कळते. भिंत पडण्याचा आनंद समजायला आधी ती घुसमट कळायला हवी.

कविता कधी?

झायलर आधी कवी आहे. पहिली कादंबरी आली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि २००० च्या ‘पेश उंड ब्लेंड’ या संग्रहाने त्याचं नाव कधीच झालेलं होतं. युरेनियमचा तो पट्टा, उठवलेली गावं, दमलेले बाप, शाळेतली कवायत, सगळं या संग्रहात आहे. नंतरचे संग्रह, विशेषतः २०१० चा ‘इम फेल्डरलाटाइन’, जास्त शांत आहेत. ते ब्रांडेनबुर्गच्या झाडीत आणि रेतीत रमतात. मला पहिलाच अधिक प्रिय, कारण त्यात राग अजून ओला आहे.

जर्मन शिकणाऱ्यांना एक इशारा. या कविता छोट्या दिसतात म्हणून सोप्या समजू नका. झायलर सगळं लहान लिपीत लिहितो, नामांचं पहिलं अक्षरही मोठं करत नाही. जर्मन वाचताना आपण नकळत ज्या खुणेवर विसंबतो तीच काढून घेतलेली असते. वर ओळ मधेच तुटते आणि क्रियापद कुठे आहे ते शोधावं लागतं. जर्मनची बी-टू (B2, म्हणजे मध्यम-उच्च) पातळी पूर्ण झाल्याशिवाय मूळ कवितेच्या वाटेला जाऊ नये असं मी म्हणेन. त्याउलट ‘श्टर्न १११’ मूळ जर्मनमध्ये शब्दकोश जवळ ठेवून त्याच पातळीवर वाचता येते, कारण पुष्कळ संवाद आणि पत्रं आहेत.

इंग्रजीतून वाचणार असाल तर दोन्ही कादंबऱ्या टेस लुइस हिने अनुवादित केल्या आहेत आणि तिने झायलरची लांब, पायऱ्यापायऱ्यांची वाक्यं तोडलेली नाहीत. ‘पेश उंड ब्लेंड’चा अनुवाद स्टीफन टोबलरचा, २०२३ चा. ‘इम फेल्डरलाटाइन’ अलेक्झांडर बूथच्या अनुवादात कोलकात्याच्या सीगल बुक्सने काढला आहे. मूळ पुस्तकांसाठी पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनच्या ग्रंथालयात विचारा. तिथल्या सभासदांना गोएथे इन्स्टिट्यूटचं ‘ऑनलाइहं’ हे डिजिटल ग्रंथालयही वापरता येतं.

आणि जर्मन येतं पण पाचशे पानांचं ओझं आत्ता नको असेल, तर ‘टुर्कझिब’ ही कथा घ्या. २००७ चा इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार तिला मिळाला. कझाकस्तानातून धावणारी आगगाडी, निवेदकाजवळ किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हाइने या जर्मन कवीची ‘लोरेलाय’ ही कविता म्हणणारा गाडीचा भट्टीवाला. एका संध्याकाळी वाचून होते. झायलरची आणि आपली तार जुळते की नाही, तेवढ्यात कळेल.