आय-जॉइस्टचा मजला: वर्षभर वापरल्यानंतर

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला नवीन घर घेऊन आता वर्ष होत आलं. बेसमेंटच्या वर 11⅞ इंची आय-जॉइस्ट (मजला पेलणाऱ्या, इंग्रजी I च्या आकाराच्या, कारखान्यात बनवलेल्या लाकडी तुळया), 16 इंचांवर एक, आणि मधे आधाराला एलव्हीएलचा, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला बीम. हाच रिव्ह्यू उन्हाळ्यात लिहिला असता तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आज तसं लिहिणार नाही, पण राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर आहे ते वाचलं की कळेल.

आधी चांगलं. मजला सपाट आहे, आणि हे मी जुन्या भाड्याच्या घराशी ताडून सांगतोय. तिथे साध्या 2x10 (नावाला 2 बाय 10 इंची) लाकडाचे जॉइस्ट होते. प्रत्येक जण आपापल्या मर्जीने सुकला आणि वाकला होता. डायनिंग टेबलाच्या एका पायाखाली कायम पुठ्ठा. इथे स्वयंपाकघरातल्या एकाही टाइलला तडा नाही.

गणपतीत आरतीला हॉल माणसांनी भरला तेव्हा काचेचं कपाट थोडं किणकिणलं. पाहुणे घाबरले, पण त्यात धोका नसतो. राहत्या खोल्यांसाठी कोड, म्हणजे इथले बांधकामाचे नियम, दर चौरस फुटाला 40 पौंड भार धरतो आणि त्याखाली मजला किती झुकावा याची मर्यादा घालतो. ती लांबीचा 360 वा भाग, म्हणजे 15 फुटांच्या जॉइस्टला अर्धा इंच. उत्पादक 480 वा भाग धरायला सांगतात, म्हणजे 3/8 इंच. घर बांधून घेत असाल तर हा आकडा बिल्डरकडून लिहूनच घ्या. चालताना मजला पायाखाली किती हलतो यात या फरकाचा मोठा हात असतो.

मग पावडर रूमच्या (पाहुण्यांसाठीच्या छोट्या टॉयलेटच्या) बाहेरचा मजला कुरकुरायला लागला. आधी एका ठिकाणी, मग दाराशी पाय टाकला की मजला जरासा खाली जाऊन वर यायचा. बिल्डरच्या माणसाचं पहिलं उत्तर: लाकडाचं घर आहे, बसतंय, आवाज येणारच. दुसऱ्या खेपेला वरून स्क्रू मारून गेला. तिसऱ्या खेपेपासून फोन उचलणं बंद. आणि वॉरंटी एक वर्षाची!

तोवर माझं ठाम मत झालं होतं की हा भुसा-चिपांचा जॉइस्टच कुचकामी आहे. शेवटी स्वतःच्या खिशातून साडेपाचशे डॉलर घालून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्याने बेसमेंटच्या छताचा ड्रायवॉल (जिप्समची फळी) चौकोनी कापला, टॉर्च मारला आणि मला शिडीवर चढायला सांगितलं. कमोडच्या पाइपचं वळण बसवायला प्लंबरने जॉइस्टचा वरचा फ्लँज, म्हणजे I ची वरची आडवी दांडी, करवतीने सरळ आरपार कापला होता. काप पांढराफटक, कडेला लाकडाचे थर उघडे, आणि खालच्या पाइपवर भुसा अजून तसाच पडलेला.

सगळं घोडं इथे पेंड खातं. आय-जॉइस्टमधली ओएसबीची (लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या फळीची) उभी पट्टी बहुधा 3/8 इंचाच्या आसपास जाड असते. तिचं काम कातरबल, म्हणजे तुळईला उभं कातरू पाहणारा जोर, घेणं. वाकण्याचा ताण वरचा आणि खालचा फ्लँज घेतात, वरचा दाब आणि खालचा ओढ. म्हणून फ्लँजला खाचसुद्धा पाडायची नाही, कुठेही. उभ्या पट्टीला मात्र मधल्या भागात चांगलं मोठं गोल भोक चालतं. टेकूजवळ जाल तसं ते लहान व्हायला हवं, कारण कातरबल तिथे जास्त. याचा तक्ता उत्पादक देतो, तो साइटवर असायला हवा. साध्या लाकडात कोड थोडी खाच माफ करतो. तीच सवय प्लंबरने इथे वापरली. मांडणी करतानाच जॉइस्ट दोन-तीन इंच सरकवला असता तर पाइप बिनबोभाट गेला असता.

इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र पाठवलं आणि त्याच आठवड्यात फोन आला. खाली जॅक लावून कापलेला जॉइस्ट हेडरवर, म्हणजे शेजारच्या दोन जॉइस्टमधे बसवलेल्या आडव्या तुळईवर, टांगला, भार शेजारच्या दोघांवर नेला आणि ते दोन्ही दुहेरी केले. आता आवाज नाही, हालचाल नाही. साडेपाचशे डॉलर मात्र मला कोणीही परत दिलेले नाहीत. एवढ्यासाठी बिल्डरला एक तारा कमी.

जॉइस्टचा एक दोष खरा आहे: आगीत तो फार लवकर दगा देतो. यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या 2008 च्या चाचण्यांत उघडा 2x10 चा मजला साधारण 18 मिनिटं टिकला, आय-जॉइस्टचा साधारण 6. आय-जॉइस्टखाली अर्धा इंच ड्रायवॉल असला की 26 च्या आसपास. आमच्या छताला ड्रायवॉल आहे तो यासाठीच, आणि तो हवाच. पण त्याच ड्रायवॉलमागे तो काप इतके महिने लपून राहिला.

माल चांगला आहे. पुढचं घर घेतलं तरी आय-जॉइस्टच घेईन. फक्त प्लंबर आणि एसीवाले काम संपवून गेले की ड्रायवॉल चढण्याआधी एक दिवस मागून घ्या, प्रत्येक पाइप जिथे जॉइस्ट ओलांडतो तिथे टेप धरून फोटो काढा, आणि एकाही फ्लँजवर करवत दिसली तर दुरुस्तीचं इंजिनिअरचं पत्र हातात पडेपर्यंत पुढचा हप्ता सोडू नका.