सेमिनरी की विद्यापीठ? धर्माच्या पदव्युत्तर अभ्यासाचे दोन मार्ग

ठाणे किंवा नवी मुंबईत राहून, बहुधा नोकरी सांभाळून, धर्म या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला सेमिनरीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेचा. तेथे विद्यार्थी एका श्रद्धेच्या आत उभा राहून तिचे ईश्वरशास्त्र शिकतो आणि इतर धर्मांशी असलेल्या संबंधांचा विचारही त्याच भूमिकेवरून करतो. दुसरा विद्यापीठाचा. तेथे सर्व धर्म अभ्यासविषय म्हणून समोर ठेवले जातात आणि विद्यार्थ्याची स्वतःची श्रद्धा कोणती, हे कोणी विचारत नाही. शुल्क, अंतर आणि संस्थेचा लौकिक यांचा हिशेब नंतर करता येतो. आपल्याला यांपैकी कोणत्या ठिकाणी उभे राहायचे आहे, हे मात्र आधी ठरवावे, कारण प्रवेशाची पात्रता, लागणारी वर्षे आणि पुढची नोकरी या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून आहेत.

सेमिनरीच्या मार्गावर आपल्यासाठी जवळचे मोठे केंद्र म्हणजे पुणे. नगर रस्त्यावरची ज्ञानदीप ही जेझुइटांची (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची) संस्था १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेल्या पोपप्रणीत सेमिनरीची परंपरा सांगते. ती सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. प्रॉटेस्टंट परंपरेतील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला स्थापन झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला हलली. ती सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे ईश्वरशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहे. बंगालमधील सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते; तेथील महाविद्यालय १८१८ चे असून डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. या अभ्यासक्रमांची शिस्त कडक असते. हिब्रू आणि ग्रीक या भाषांतून मूळ ग्रंथ वाचण्याची सवय लावली जाते, आणि इतर धर्मांचा विचारही आता अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. कॅथलिक संस्थांत त्याला अधिकृत बळ मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बिशपांच्या जागतिक सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढलेल्या, ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीच्या घोषणापत्रामुळे.

अडचण वर्षांची आहे. सेरामपूर पद्धतीत एम.टीएच. ही ईश्वरशास्त्राची पदव्युत्तर पदवी करायची तर आधी बी.डी. ही त्याच विषयाची पदवी लागते, आणि कॅथलिक पद्धतीत लायसेन्शिएट या पदव्युत्तर पदवीच्या आधी ईश्वरशास्त्राची पहिली पदवी लागते. ठाण्यातील एखाद्या वाणिज्य पदवीधराला दोन वर्षांचे वाटणारे हे शिक्षण प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांवर जाते. त्यातली बरीच वर्षे पूर्ण वेळ आणि पुण्यात राहून काढावी लागतात. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्याला किंवा चर्चच्या संस्थांत काम करणाऱ्याला हे परवडते. केवळ जिज्ञासेपोटी शिकणाऱ्याने पुन्हा विचार करावा, असे माझे मत आहे.

विद्यापीठाचा मार्ग तुलनेने सोपा, पण विखुरलेला आहे. तौलनिक धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग हवा असेल तर पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ, विश्वभारती किंवा दिल्लीचे जामिया मिलिया येथपर्यंत जावे लागते; इस्लामी ईश्वरशास्त्रासाठी अलीगढला सुन्नी आणि शिया असे दोन वेगळे विभाग आहेत. घरी राहून शिकायचे तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील तत्त्वज्ञान, पाली किंवा संस्कृत विभागातील एम.ए. किंवा विद्याविहारच्या सोमय्या विद्यापीठातील धर्माभ्यास संस्था हे पर्याय उरतात. ठाण्याहून विद्याविहारला धीम्या लोकलने थेट जाता येते, नवी मुंबईकरांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. कलिन्याला दोघांनीही कुर्ल्याहून बस किंवा रिक्षा धरावी. खासगी विद्यापीठाचे शुल्क सार्वजनिक विद्यापीठापेक्षा बरेच जास्त असते, हे गृहीत धरूनच माहितीपत्रक उघडावे.

या दोन मार्गांतला खरा फरक अभ्यासक्रमाच्या यादीत दिसत नाही. एकच ग्रंथ दोन्हीकडे कसा वाचला जातो, त्यात तो दिसतो. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतले, १६१६ मध्ये गोव्यात प्रथम छापलेले क्रिस्तपुराण घ्या. सेमिनरीतला विद्यार्थी असे विचारील की, ख्रिस्ती तत्त्व ओवीत आणि पुराणाच्या साच्यात मांडताना त्याचा गाभा टिकला का, आणि आजच्या उपदेशाला त्यातून काय घेता येईल. विद्यापीठातला विद्यार्थी असे विचारील की, हे ऐकणारे लोक कोण होते, पोर्तुगीज सत्तेखाली त्यांच्यावर कोणते दडपण होते, आणि ओवीच्या सवयीमुळे नवा धर्म त्यांना कितपत ओळखीचा वाटला. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पहिल्याला श्रद्धेची जाण लागते, दुसऱ्याला इतिहासाची. वाचकाने स्वतःला एवढेच विचारावे की, रात्री जागून यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावेसे वाटते.

आंतरधर्मीय संबंधांवर प्रबंध लिहायचा असेल तर ठाणेकराचे भाग्य थोर आहे, कारण त्याची सामग्री दाराशीच आहे. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक संघातील) साधूंना काझीसमोर उभे करून मारण्यात आले, ही हकिकत समकालीन युरोपीय लेखनात नोंदवलेली आहे. टेंभी नाक्याची अग्यारी, मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन चर्च, कौपिनेश्वराचे मंदिर आणि १८७९ चे शआर हशामायिम सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) हे सारे एका फेरफटक्यात पाहून होते. बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली. श्रीगोंद्याच्या शेख महंमद या मुस्लिम संतकवींनी त्यांच्याही आधी मराठीतून अध्यात्म सांगितले होते. ही सामग्री मराठी जाणणाऱ्यालाच मुळातून वाचता येते, म्हणून परदेशातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी मोठे कर्ज काढण्यापूर्वी तिचा विचार करावा. डब्लिनची आयरिश स्कूल ऑफ इक्युमेनिक्स किंवा अमेरिकेतील हार्टफर्ड येथे अभ्यासपद्धती उत्तम मिळेल. वाचायचे साहित्य मात्र बरेचसे इथेच आहे.

नोकरीबाबत स्पष्ट बोलणे बरे. यूजीसीच्या नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत तौलनिक धर्माभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, पण त्याच्या जागा मोजक्या विद्यापीठांत निघतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत त्यामानाने तत्त्वज्ञानाचे विभाग अधिक आहेत. म्हणून अध्यापन हे ध्येय असणाऱ्याने तत्त्वज्ञानात एम.ए. करावे आणि प्रबंधासाठी आंतरधर्मीय विषय निवडावा, हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. सेमिनरीची पदवी घेऊन विद्यापीठात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याने ती पदवी तेथे समकक्ष मानली जाते का, याचे लेखी उत्तर प्रवेशापूर्वीच मिळवावे. ज्यांना पदवी नको, फक्त आंतरधर्मीय संवादाचे काम शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हैदराबादच्या हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटचे छोटे अभ्यासक्रम पुरेसे ठरू शकतात.

अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन एकदा प्राध्यापकांना भेटावे आणि आपल्या विषयाला मार्गदर्शक कोण मिळेल, हे विचारावे. तौलनिक अभ्यासाला दोन परंपरा जाणणारा मार्गदर्शक लागतो. तसा कोणी नसेल, तर घराजवळचा विभाग सोडून लांबचा निवडणे योग्य ठरेल.