तलावातले पाणकिडे: जाळी, साबण की क्लोरीनचा शॉक?

सकाळी पोहण्याच्या तलावाच्या काठाशी उकिडवं बसावं आणि निळ्या फरशीवरून दोन-चार किडे वल्ही मारत सटकताना दिसावेत, की हात आधी क्लोरीनच्या डब्याकडे जातो. जरा थांबा. एक किडा जाळीत धरा आणि पांढऱ्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात सोडा. तो उताणा पोहतोय की पालथा, यावर पुढचं बरंच ठरतं.

पालथा पोहणारा, म्हणजे पाठ वर असलेला, तो वॉटर बोटमन. चपटा, तपकिरी, पाठीवर बारीक आडव्या रेघा. मुख्यतः शेवाळ आणि त्यातले सूक्ष्म जीव खाऊन राहतो, माणसाला चावत नाही. उताणा पोहणारा तो बॅकस्विमर. हा शिकारी. डासांच्या अळ्या, वॉटर बोटमन, पाण्यात पडलेले इतर किडे, जे हाती लागेल त्याला सोंड खुपसून शोषून घेतो. पोहणाऱ्याच्या अंगाखाली किंवा मुठीत सापडला तर तीच सोंड आपल्यालाही लागते आणि मधमाशीच्या डंखासारखी कळ येते. दोघंही ढेकणाच्या गोतातले, दोघांनाही उत्तम उडता येतं. त्यामुळे ‘बंद आवारातल्या तलावात हे आले कुठून’ याचं उत्तर सोपं आहे: रात्री, हवेतून.

थोडक्यात साखळी अशी: शेवाळ, त्यावर पालथा, पालथ्यावर उताणा. तीन मुख्य उपाय या साखळीवर वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात, म्हणून त्यांची तुलना ‘कशाने जास्त किडे मरतात’ एवढ्यावर करून चालत नाही.

जाळीचं फार सांगण्यासारखं नाही. बारीक विणीची हवी, आणि किड्यामागे पाण्यात धावायचं नाही. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. जाळी पृष्ठभागाजवळ धरून वाट पाहायची. लगेच परिणाम, पाण्यात काही मिसळत नाही. पण अंडी तशीच राहतात आणि रात्री नवे पाहुणे येतात. नुसत्या जाळीवर भागवायचं ठरवलंत तर ते रोजचं काम झालं असं समजा.

साबणाचा उपाय मोहात पाडणारा आहे. घमेल्यातल्या किड्याकडे नीट पाहा: त्याच्या पोटाला पाऱ्यासारखी चकाकी दिसेल. ती हवा आहे. अंगावरच्या बारीक लवेत हवेचा पापुद्रा धरून तो बुडी मारतो आणि पाण्याखाली तीच हवा वापरतो. आता भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाका. पाण्याचा पृष्ठताण मोडतो, लव भिजते, चकाकी विझत जाते आणि किडा गुदमरतो. नेहमीच्या क्लोरीनला तो दाद का देत नाही, हेही यातच आलं. 1 ते 3 पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग) क्लोरीन जंतूंना पुरतं. वरची हवा घेऊन फिरणाऱ्या, मेणचट कवचाच्या किड्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. (मिठाच्या पाण्याचा तलाव असला तरी हेच. तिथेही मिठापासून क्लोरीनच तयार होतं, आणि तेवढ्या मिठानं किडे हटत नाहीत.)

साबण अख्ख्या तलावात टाकायचा तर रात्री पंप बंद ठेवून, अगदी थोडा टाकावा लागतो आणि सकाळी मेलेले किडे गाळून काढावे लागतात. पंप चालू राहिला तर फेस झालाच. उरलेला साबण क्लोरीनही खातो. शिवाय मरतात ते फक्त त्या रात्रीचे किडे, शेवाळ जागच्या जागी. माझं मत विचाराल तर साबण तलावात नकोच. काठावर उथळ पांढऱ्या ट्रेमध्ये साबणाचं पाणी ठेवा, त्यावर एक दिवा लावा आणि तलावाचे दिवे बंद करा. उडत येणारे बरेचसे किडे ट्रेमध्येच उतरतात.

शॉकची, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन देण्याची, गंमत अशी की तो किड्यांसाठी नसतोच. तो शेवाळासाठी असतो, आणि म्हणूनच त्याचा परिणाम टिकतो. पण अर्धवट केला तर क्लोरीन वाया. आधी ब्रश: शिडीच्या मागे, फरश्यांच्या सांध्यांत, पाण्याखालच्या दिव्याच्या कडेला, जिथे बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं तिथे. वॉटर बोटमनची अंडीही अशाच जागी चिकटलेली असतात. मग पीएच 7.2 ते 7.4 वर आणा. 7.5 ला निम्मं क्लोरीनच खऱ्या कामाच्या रूपात असतं, 8 ला जेमतेम पाव. त्यानंतर संध्याकाळी, कारण ऊन क्लोरीन झपाट्यानं उडवतं, मोकळं (अजून खर्ची न पडलेलं) क्लोरीन 10 पीपीएमच्या वर न्या आणि फिल्टर अखंड चालू ठेवा. पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) जास्त असेल तर 10 ही पुरत नाही. क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आल्याचं टेस्ट किटवर दिसेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. आणि दोन प्रकारची क्लोरीन पावडर एका बादलीत कधीही एकत्र करू नका, आग लागू शकते. क्लोरीन आणि ॲसिडची गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

दिव्यांचा आणि आच्छादनाचा विचार या तिन्हींच्या जोडीनं करायचा. रात्रभर आतून उजळलेला तलाव म्हणजे किड्यांना आवतण. मात्र दिवे विझवून सगळेच थांबत नाहीत: बॅकस्विमर पाणी ओळखतो ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीभूत (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून. पक्का अडसर आच्छादनाचाच, पण त्यावर पावसाचं पाणी साचू दिलं तर तिथे दुसरा छोटा तलाव तयार होतो. किडे जाळणारा विजेचा दिवा तलावाशेजारी नको, तो लांबचे किडेही बोलावतो. कीटकनाशक तर मुळीच नको. त्या पाण्यात माणसं डोळे उघडतात, चूळ भरतात.

मग निवड कशी करायची? पाणी किंचित हिरवट, भिंत बुळबुळीत आणि किडे पालथे, तर वेळ न घालवता ब्रश आणि शॉक. उताणे दिसत असतील आणि उद्या सकाळी मुलं पोहणार असतील, तर आज जाळी आणि ट्रे, उद्या मुलं उतरण्याआधी पुन्हा एकदा जाळी, आणि शॉक मुलं गेल्यावर. आज रात्री शॉक दिलात तर उद्याचं पोहणं बहुधा रद्दच. पाणी स्वच्छ, क्लोरीन बरोबर आणि एखाद-दुसराच किडा असेल, तर जाळी पुरे. घमेल्यात किड्याऐवजी वळवळणारी डासाची अळी निघाली, तर यातलं काहीच करण्याआधी पंप किती दिवस बंद होता ते पाहा.