घर विकायचंय: आहे तसं दाखवावं, डागडुजी करावी, की सगळं नव्यानं करावं?

घर विकायचं ठरलं की तीन वाटा समोर येतात. आहे तसं विकणं, डागडुजी आणि रंगकाम करून विकणं, किंवा स्वयंपाकघर, बाथरूम, फरशा सगळं नवं करून मग दाखवणं.

तिसरी वाट बहुतेकांनी सोडून द्यावी. तुमच्या पसंतीचा ओटा नव्या मालकाला रुचेलच असं नाही. तो फोडून त्याच्या मनासारखा करून घेणार असेल, तर तुमच्या ओट्याचे पैसे तो कशाला मोजेल? शिवाय एक फरशी बदलली की शेजारची जुनी दिसायला लागते आणि काम वाढत जातं. स्वयंपाकघर किंवा बाथरूम वापरताच येत नसेल, तरच तेवढं एक काम करावं.

आता खरा प्रश्न पहिल्या दोन वाटांचा. तो रंगावरून नव्हे, पाण्यावरून सोडवायचा. घर बघायला आलेला माणूस फिकट रंग माफ करतो, पण ओलीचा डाग पाहिला की मनातल्या मनात मोठा आकडा वजा करतो, आणि तो आकडा खऱ्या खर्चापेक्षा बहुधा जास्तच असतो.

म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. डागावर साधारण ३० सेंटिमीटर बाजूचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बंद करा आणि ४८ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला आणि आतली भिंत कोरडी असेल, तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय. तिथे वारा खेळता ठेवला, एक्झॉस्ट पंखा बसवला की बरंचसं भागतं.

संशय बाथरूमवर असेल तर जाळीचं तोंड बंद करून २ ते ३ सेंटिमीटर पाणी साठवा (उंबरठ्यावरून बाहेर जाणार नाही इतकंच), पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि २४ तास थांबा. एखाद-दोन मिलिमीटर पाणी वाफेनंही कमी होतं. त्याहून जास्त उतरलं किंवा खालच्या छतावर डाग पसरला, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. पातळी टिकली तर पाइप तपासा: घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. फ्लशची टाकी गळतेय का ते पाहायला टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. अर्धा तास फ्लश न करता भांड्यातलं पाणी रंगलं, तर आतला रबर झिजला आहे.

गळती न काढता वरून रंग मारणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक. भिंतीतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, रंगाच्या थराखाली पांढरी भुकटी जमते, फुगे येतात आणि काही आठवड्यांत पोपडे सुटतात. त्यात जुन्या खोलीत एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की पाहणारा तिथेच जाऊन बोटाच्या पेरानं ठोकून बघतो. प्लास्टर सुटलेलं असेल तर आवाज पोकळ येतो. मग बाकीच्या धडधाकट घरावरचाही विश्वास उडतो.

इथेच दोन वाटा वेगळ्या होतात. गळती बंद झाली आणि प्लास्टर घट्ट असेल, तर भिंत वाळल्यावर खरवडणं, प्राइमर, पुट्टीचे दोन पातळ हात, १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासणं, पुन्हा प्राइमर आणि रंगाचे दोन हात, असं काम होतं. दोन हातांमध्ये किमान चार तास हवेत. १२ × १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३८० चौरस फूट भरतात. दोन हातांना अंदाजे ७ लिटर इमल्शन लागतं. सगळीकडे एकच फिकट रंग घ्या. त्यानं खोल्या मोठ्या वाटतात आणि उरलेला रंग कुठेही कामी येतो.

पण प्लास्टर पाडून नवं करावं लागलं, तर रंगाआधी त्याला सुमारे २८ दिवस वाळायला द्यावे लागतात. तेवढी सवड नसेल तर रंगाचा अट्टहास सोडा. फक्त गळती बंद करा, भिंत उघडी ठेवा आणि प्लास्टर-रंगाचं दोन ठेकेदारांकडून लेखी अंदाजपत्रक घेऊन ते समोर ठेवा. त्यामुळे घासाघीस पाहणाऱ्याच्या भीतीवर न होता एका ठरावीक रकमेवर होते. वायरिंग आणि पाइप दोन्ही बदलायला आले असतील तरीही हाच मार्ग बरा. नव्या मालकाला भिंती फोडायच्याच असतात, तुमचा रंग त्यात वाया जातो.

मात्र आहे तसं म्हणजे पसाऱ्यासकट नव्हे. माळे आणि कपाटं रिकामी करा, काचा पुसा, प्रत्येक खोलीत एकाच छटेचे दिवे लावा. घर बंद असेल तर जाळ्यांमधून आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी आटलं की गटाराचा वास थेट घरात येतो, आणि दार उघडताच तो वास आला तर पुढच्या खोल्या कुणी मन लावून बघत नाही.