आजीचं करवती लुगडं आणि डिझायनर जॅकेट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या साफसफाईत आजीची लोखंडी पेटी उघडली आणि तिचं करवती लुगडं हाती आलं. मधाच्या रंगाचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं अंग, करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीचा लाल सुती काठ. आजी ते फक्त लग्नाकार्यात नेसायची. मी मात्र आठ महिने ते नागपूरला जाताना नेसतेय. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडच्या आमच्या गावाहून मी दर शनिवारी शिवणाच्या कोर्सला जाते आणि मग बर्डी, इतवारी, कधी महाराजबाग असं फिरणं होतंच. जोडीला एका नावाजलेल्या डिझायनरचं जॅकेट आहे, पुण्याच्या आतेबहिणीने दिलेलं. दोन्हींबद्दल लिहिते, कारण आमच्या भागात घरोघरी अशी लुगडी पेटीत पडून विरताहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेटीतून काढलं तेव्हा लुगडं शाबूत वाटलं. उलगडून खिडकीपाशी धरलं तर घड्यांच्या रेषांतून उजेड आरपार येत होता, आणि दोन ठिकाणी नुसतं बोट लागलं तर चिरलं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथेच तुटतं. कापायचा धीर होईना. शेवटी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "काप नं वं! पेटीत ठिऊन का उंदरायले खाऊ घालाचं हाये?"

नऊवारी म्हणजे आठ मीटरहून थोडं जास्तच कापड. मधला सगळ्यात विरलेला भाग काढून टाकला आणि दोन तुकडे जोडून साडेपाच मीटरची साडी केली. जोड पहिल्या वेढ्यात आत जातो, बाहेरून कळत नाही. बाकीच्या चिरांना मागून मलमलच्या पट्ट्या लावून बारीक रफू केला. या कामाला दोन आठवडे लागले, पण त्याशिवाय रोजचं नेसणं शक्यच नव्हतं. जुनं कापड आवडलं म्हणून तसंच अंगावर घेऊ नका, आधी उजेडात धरून बघा.

एस.टी.त पहिल्यांदा नेसून बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काहून वं, कोणाचं लगन हाये?" त्यावरून चूक लक्षात आली. मी जरीचं ब्लाउज आणि झुमके घातले होते. आता कोपरापर्यंत बाह्यांचं साधं काळं सुती किंवा निळं खादीचं ब्लाउज, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. साडी घोट्याच्या वर नेसते, म्हणजे स्टँडवरच्या चिखलाला लागत नाही. पदर पिन करते, नाहीतर मेट्रोच्या गर्दीत तो ओढला जातो. दागिना एकच, कानातला. काठ एवढा देखणा आहे की त्याच्यापुढे दुसरं काही नकोच वाटतं.

त्या काठाबद्दल थोडं सांगायलाच हवं. एकदा आंधळगावचे एक म्हातारे विणकर बाबा गाडीत भेटले. त्यांनी विचारून पदर हातात घेतला, उलटा करून अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "तीन धोट्याचं हाये, पोरी." धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन फिरतो तो. एका काठाला एक धोटा, अंगाला दुसरा, दुसऱ्या काठाला तिसरा. काठाचा लाल धागा आणि अंगाचा कोसा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकतात आणि करवतीचे दाते उठतात. तेव्हापासून बाजारात साडी दिसली की मी आधी उलटी करते. छापलेले दाते मागून फिके पडलेले असतात, विणलेले दोन्हीकडून सारखेच भरीव. हा कोसाही आपल्याच जंगलातला. भंडारा, गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर या अळ्या वाढवतात.

आता तक्रारी. शहरातल्या एका लॉन्ड्रीत साडी इस्त्रीला दिली. काठ सुती म्हणून त्यांनी इस्त्री कडक तापवली आणि तशीच अंगावरून फिरवली. निऱ्यांच्या जागी तळहाताएवढा तपकिरी डाग पडला, तो आजही आहे. मला रडू आलं होतं. आता घरीच करते : अंगाला मंद आचेवर उलट्या बाजूने, काठाला वेगळी. दुसरं दुखणं पाण्याचं. मृगाच्या पहिल्या सरीत चार थेंब पडले आणि चार गोल डाग उठले. डागापुरतं पाणी लावलं तर कडा आणखी उठून दिसतात. अख्खी साडी रिठ्याच्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळवली तेव्हा ते गेले.

जॅकेटचा कट सुंदर आहे, खांद्यावर असं बसतं की माप घेऊनच शिवलंय. पण आतलं अस्तर पॉलिस्टरचं. थंडीत छान चाललं, फाल्गुनातच घामाने जीव नकोसा झाला. एवढ्या नावाच्या माणसाने उन्हाळ्याचा विचार करू नये, याचा राग आला. अस्तर उसवून मलमलचं लावलं, आता सुती साडीवर किंवा साध्या कुर्त्यावर संध्याकाळी घालते. लुगड्यावर घालून एकदा अजबबंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात गेले होते. दोघांपैकी एकही धड दिसेना, पुन्हा तसं केलं नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कोसाही नको वाटतो. सकाळी दहापर्यंत ठीक, नंतर कमरेपाशी घाम साचतो आणि घाम रेशमाला फार वाईट. त्या दिवसांत फक्त सुती.

सध्या पाऊस आहे, म्हणून लुगडं मलमलमध्ये गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलंय. दर पंधरवड्याला काढून घडी बदलते. पोळ्यानंतर पुन्हा नेसेन. कापलेल्यातला दीडेक मीटर चांगला तुकडा उरलाय, त्याची बंडी शिवायला घेतली आहे. काजं तेवढी राहिलीत. ती आजी करणार म्हणते, तिचा हात अजून बसतो.