‘अझर’ : निकाल खरा, खटला पटकथेतला

पडद्यावर पहिली पाटी येते ती हात झटकणारी: हा चरित्रपट नव्हे. त्यानंतर दोन तास दहा मिनिटं नायकाचं नाव अझर, गाव हैदराबाद, कॉलर वर, गळ्यात ताईत आणि शेवटी २०१२ चा उच्च न्यायालयाचा निकाल. पाटी वकिलाने लिहिली असावी आणि चित्रपट चाहत्याने. मॅच फिक्सिंगच्या आरोपावरून आजीवन बंदी आलेला भारताचा माजी क्रिकेट कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन याच्यावर बेतलेला, टोनी डिसूझा दिग्दर्शित, इम्रान हाश्मी नायक असलेला ‘अझर’ १३ मे २०१६ ला आला. ओटीटीवर तो दिसला, की ‘खरंच असं झालं होतं का?’ हा प्रश्न हमखास निघतो. काही झालं होतं, पण क्रम, कारण आणि कोर्ट मात्र वेगळं होतं.

आधी जे जमलंय ते. हाश्मीने अझरची चाल पकडली आहे: खांदे किंचित पुढे, मान तिरकी, बोलणं ओठांतल्या ओठांत. स्वतः अझरुद्दीननेच त्याला तयार केलं होतं, ते दिसतं. फसतं ते मनगटात. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू अझर मिडविकेटला पाठवायचा, तेव्हा पातं आधी सरळ यायचं आणि चेंडू अगदी जवळ आल्यावर मनगट वळायचं. वळण थोडं आधी झालं तर झेल उडतो, उशिरा झालं तर चेंडू सरळ जातो. हे दाखवायला कॅमेरा मनगटावर थांबवावा लागतो. इथे फटका सुरू होताच कट, मग सीमारेषा, मग टाळ्या. नव्वदचं दशक टीव्हीसमोर घालवलेल्याला हे लगेच खटकतं.

आकडे मात्र पटकथाकाराला आयते मिळाले होते. ३१ डिसेंबर १९८४ ला कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध सुरू झालेल्या कसोटीत पदार्पण आणि ११०. मग मद्रासला दुसऱ्या डावात १०५, कानपूरला १२२. पहिल्या तिन्ही कसोटींत शतक हा पराक्रम अजूनही त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. शेवटची कसोटी मार्च २००० मध्ये बंगळूरला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, आणि शेवटच्या डावात १०२. एकूण ९९ कसोटी, ६२१५ धावा, २२ शतकं. नव्व्याण्णववर थांबलेली कारकीर्द म्हणजे शोकांतिका हातात आणून दिल्यासारखी. चित्रपट ती आजोबांच्या शंभर कसोटींच्या स्वप्नाला बांधतो. हा धागा भावतोही, कारण इथे फार काही रचावं लागलेलं नाही.

गडबड सुरू होते ती बुकीपासून, म्हणजे सट्टा चालवणाऱ्यापासून. पडद्यावर एम. के. शर्मा नावाचा बुकी मुद्दाम वाईट खेळण्यासाठी अझरला एक कोटी देऊ करतो. अझर पैसे घेतो, सामन्यात जीव ओतून खेळतो आणि पैसे परत करतो. कारण काय, तर आपण नाही म्हटलं असतं तर तो संघातल्या दुसऱ्या कुणाकडे गेला असता. म्हणजे संघ वाचवण्यासाठी नायकाने स्वतःच्या अंगावर डाग घेतला. हिंदी सिनेमात हा त्याग शंभरदा पाहिलेला असल्यामुळे प्रेक्षकाला तो लगेच पटतो.

पण कागदावर ताडून बघा. सीबीआयचा अहवाल १ नोव्हेंबर २००० ला खुला झाला. त्यातला बुकी मुकेश कुमार गुप्ता, म्हणजे नावाची आद्याक्षरं तीच. अझरला सुमारे नव्वद लाख रुपये दिल्याचा त्याचा जबाब अहवालात आहे. अझरने काही एकदिवसीय सामन्यांबाबत कबुली दिली, असंही अहवाल म्हणतो. अझरने मात्र आरोप कायम नाकारले. थोडक्यात, तपास यंत्रणा म्हणते ‘केलं’, खेळाडू म्हणतो ‘केलं नाही’. चित्रपटाने यातलं एकही उत्तर घेतलं नाही. ‘पैसे घेतले, पण चांगल्या हेतूने’ हे तिसरंच उत्तर त्याने तयार केलं. गंमत अशी, की नायकाला वाचवता वाचवता पटकथेने त्याच्या तोंडी असं काही घातलं जे सिद्ध झाल्याचं कुठल्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. विरोधकानेही इतकं नुकसान केलं नसतं.

शिवाय तो त्याग आजच्या नियमांत बसतच नाही. बुकीने संपर्क साधला आणि खेळाडूने तो लगेच कळवला नाही, एवढ्यावर कारवाई होते, एक रुपयाही घेतला नसला तरी. बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी आली (त्यातलं एक वर्ष स्थगित) ती नेमकी याच कारणासाठी. त्याच्यावर सामना फिक्स केल्याचा आरोप नव्हता. पैसे घेऊन परत देणारा नायक या नियमांखाली पहिल्याच सुनावणीत अडकेल. त्या काळी नियम इतके नेमके नव्हते हे मान्य, पण २०१६ मध्ये बनलेल्या चित्रपटात निदान एखादं पात्र तरी ‘मग बोर्डाला का नाही सांगितलंस?’ असं जोर लावून विचारू शकलं असतं. अख्ख्या कथेतला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे.

आता कोर्ट. पडद्यावर साक्षी, टोमणे, एकेकाळची चाहती असलेली विरोधी वकील मीरा (लारा दत्ता), अझरचा विनोदी बाजाचा वकील रेड्डी (कुणाल रॉय कपूर) आणि शेवटी भाषण. बघताना वाटतं, हा फौजदारी खटला आहे आणि ‘दोषी की निर्दोष’ एवढंच ठरायचं आहे. प्रत्यक्षात मॅच फिक्सिंग असा वेगळा गुन्हाच तेव्हा आपल्या कायद्यात नव्हता आणि अझरवर त्यासाठी फौजदारी खटला उभाच राहिला नाही. शिक्षा क्रिकेट बोर्डाची होती. सीबीआयचे माजी सहसंचालक के. माधवन यांनी बोर्डासाठी चौकशी केली आणि ५ डिसेंबर २००० ला निर्णय आला: अझर आणि अजय शर्मा आजीवन, अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर प्रत्येकी पाच वर्षं.

अझर या बंदीविरुद्ध हैदराबादच्या शहर दिवाणी न्यायालयात गेला आणि तिथे हरला. मग आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात अपील. ८ नोव्हेंबर २०१२ ला खंडपीठाने आजीवन बंदी बेकायदा ठरवली, तिला पुरेसा पुरावा नाही म्हणून. दिवाणी अपिलात सहसा साक्षीदार उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टाची कागदपत्रं आणि वकिलांचे युक्तिवाद एवढ्यावरच ते चालतं. यातून नाट्य काढणं कठीण, म्हणून पटकथेने उलटतपासण्या घातल्या. तेवढी सूट देता येईल. मोठी चूक वेगळीच आहे. न्यायालयापुढे प्रश्न होता, बोर्डाने दिलेली शिक्षा कायद्यात आणि पुराव्यात टिकते का? चित्रपट उत्तर देतो, हा माणूस मनाने निर्मळ आहे का, या प्रश्नाचं. निकाल अझरच्या बाजूने लागला हे खरं आणि बंदी हटली हेही खरं. पण त्याग, हेतू, परत केलेले पैसे यांवर त्या निकालाची मोहोर उमटलेली नाही. ती पडद्यावर उमटवली आहे.

काही धागे पटकथेने जवळजवळ सोडूनच दिले आहेत. १९९७ मध्ये बोर्डाने माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांना सट्टेबाजीच्या चर्चेची चौकशी करायला सांगितलं आणि त्यांना फिक्सिंगचा ठोस पुरावा मिळाला नाही. तीनच वर्षांनी, ७ एप्रिल २००० ला, दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं बुकीशी झालेलं संभाषण जगासमोर ठेवलं. त्या जूनमध्ये केपटाऊनला, फिक्सिंगची चौकशी करणाऱ्या किंग आयोगापुढे क्रोनिएने सांगितलं, की १९९६ च्या कानपूर कसोटीदरम्यान गुप्ताशी ओळख अझरनेच करून दिली. हा आरोप परदेशी कर्णधाराने, परदेशातल्या आयोगापुढे केला होता. त्याला सामोरं न जाता अझरची बाजू मांडली, तर ती लंगडी पडणारच. चित्रपटाचा वेळ दोन लग्नांच्या गोष्टीत आणि गाण्यांत जातो. (‘ओये ओये’ पुन्हा ऐकायला मजा येते, ते सोडा.)

अजित वाडेकर व्यवस्थापक आणि अझर कर्णधार असताना घरच्या खेळपट्ट्यांवर फिरकीचा डाव रचून १९९३ मध्ये इंग्लंडला ३-० हरवलं होतं. तो काळ नीट उभा केला असता, तर हा माणूस इतक्यांचा लाडका का होता आणि २००० मध्ये लोक इतके का बिथरले, हे विशीतल्या प्रेक्षकालाही कळलं असतं. उंची दिसलीच नाही, तर पडणं लागत नाही.

याच्या अगदी उलटी चूक अमेरिकेत झाली आहे. बेसबॉलपटू टाय कॉबवरचा १९९४ चा ‘कॉब’ त्याला पिस्तूल नाचवणारा, माणुसकी विसरलेला म्हातारा म्हणून रंगवतो. आधार होता अल स्टम्प या पत्रकाराचं लिखाण. कॉबने १९१२ मध्ये डेट्रॉईटला एका हल्लेखोराला ठार मारलं, ही स्टम्पची गोष्ट नंतर अभ्यासकांनी तपासली, तर नोंदींत तसा मृत्यूच सापडला नाही. अझरला पटकथेने धुऊन काढलं, कॉबला काळं फासलं. दोन्हीकडे दोष एकच: एकच निवेदक आणि त्याच्यावर आंधळा विश्वास. अमेरिकन फिगर स्केटर टोन्या हार्डिंगवरच्या ‘आय, टोन्या’ने (२०१७) यातून वाट काढली. पात्रं कॅमेऱ्याकडे बघून एकमेकांना खोटं पाडतात आणि चित्रपट कुणाचीच हमी घेत नाही. ‘अझर’ला हा साचा चपखल बसला असता. सीबीआयचं म्हणणं एक, अझरचं दुसरं, बोर्डाचं तिसरं, आणि प्रेक्षक मधोमध.

बघायचाच असेल तर असा बघा. पहिला अर्धा तास, बालपण आणि पदार्पण, निवांत पाहा. बुकीच्या प्रवेशापासून पुढचं सगळं कल्पित समजा. कोर्टात फक्त शेवटच्या निकालाची बातमी खरी धरा. अभिनयाला पाचपैकी तीन, क्रिकेटला दीड, इतिहासाला एक.

आणि त्यानंतर यूट्यूबवर जानेवारी १९९७ ची केपटाऊन कसोटी शोधा. भारत ५ बाद ५८, समोर दक्षिण आफ्रिकेचे वेगवान गोलंदाज डोनाल्ड आणि पोलॉक. तिथून सचिन १६९, अझर ११० चेंडूंत ११५, दोघांची २२२ धावांची भागीदारी. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू लेगला कसे जातात ते तिथे दिसतं, आणि मध्ये कट येत नाही.